आधी कॉफी, मग आडनाव

(द्वितीय वर्ष, कला)

'प्रवासाचे फायदे' या विषयावर आपण सर्वांनीच शाळेत दहा गुणांचा निबंध लिहिलेला आहे. प्रवासाने दृष्टी विशाल होते, अनोळखी माणसे ओळखीची होतात, राष्ट्रीय एकात्मता वाढीस लागते, ही तीन वाक्ये त्यात असायचीच. मीही ती घातली आणि गुणही मिळवले. आता मात्र त्यांतले दुसरे वाक्य लिहिताना माझा हात अडखळेल. त्याला कारण एक अगदी किरकोळ प्रसंग. त्यात कोणाचे पाकीट गेले नाही की कोणाची गाडी चुकली नाही. एका बाईंनी मला कॉफी देऊ केली आणि मी ती घेतली नाही, एवढेच घडले.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्याबरोबर मी आतेभावाकडे बंगळूरला निघाले होते. दुपारी मिरजेला गाडीत बसलो. समोरच्या बाकावर बेळगावला मुलीकडे निघालेल्या एक काकू होत्या. खिडकीशी धारवाडचे एक निवृत्त शिक्षक बसले होते. त्यांचे मराठी शुद्ध, पण चाल कानडी. त्यांच्या शेजारी तुमकूरच्या एक बाई. कोल्हापूरला अंबाबाईचे दर्शन घेऊन त्या परत चालल्या होत्या. वयाने माझ्या आईएवढ्या, हातात स्टीलचा मोठा थर्मास, आणि बोलणे मोडक्या हिंदीत.

गाडी सुटून पाच मिनिटे झाली असतील नसतील, तोच आत्याने आणि काकूंनी एकमेकींची आडनावे विचारून घेतली. मग माहेर, मग सासर, मग "म्हणजे तुम्ही कऱ्हाडच्या अमक्यांच्या कोण?" अशी पायरीपायरीने चौकशी झाली. कोणीतरी कोणाच्यातरी नणंदेची जाऊ निघाली. लगेच काकूंनी पिशवीतून भडंगाचा डबा काढला, वर्तमानपत्राच्या कागदावर ढीग ओतला, आणि कृष्णेचा पूल मागे पडेपर्यंत आम्ही तो संपवलाही.

नंतर चहावाला आला. मास्तरांनी कागदी पेला घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "हा चहा नव्हे, ही चहाची बातमी आहे." सगळे हसले आणि बोलणे सुरू झाले. मास्तरांचे म्हणणे असे की, धारवाड-हुबळीची माणसे कानडी बोलत असली तरी तुमच्यासारखीच चहाबाज आहेत. खरा कॉफीचा मुलूख लागतो तो आणखी खाली उतरल्यावर. मला हे फार गमतीचे वाटले. भाषेची सीमा एकीकडे आणि चहा-कॉफीची दुसरीकडे! बेळगावच्या सीमाप्रश्नावर आपल्याकडे इतकी वर्षे इतके लिहिले-बोलले गेले, पण चहाने ही सीमा कधी मानलीच नाही. फलाटावरच्या आरोळ्या ऐकाव्यात. 'चाय, चाय' ही आरोळी विरळ होत जाते आणि 'काफी, काफी' दाट होत जाते. नेमके कोणत्या स्टेशनावर हे घडले, ते कोणालाच सांगता यायचे नाही.

मग मी आमच्या घरच्या कॉफीची बाजू मांडली. आपल्याकडे कॉफी ही रोजची गोष्ट नव्हे. ती पाहुण्यांसाठी, एकादशीसाठी किंवा परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी. भरपूर दूध, भरपूर साखर, आणि वरून जायफळ किसून. मी हे वर्णन इतक्या अभिमानाने केले की तुमकूरच्या बाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "ये कॉफी नहीं, ये तो पायसम है!" मास्तरांनी तर मला वर्गात उभे केल्यासारखा प्रश्न टाकला, "जायफळाने झोप येते आणि कॉफीने झोप जाते. दोन्ही एकत्र घालून तुम्ही साधता तरी काय?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तरी मी म्हणाले, "चव साधतो!"

बाईंनी मग आपली पद्धत सांगितली. पितळेची दोन भांडी, एकावर एक बसणारी. वरच्याच्या तळाला बारीक भोके. त्यात कॉफीची पूड दाबून वर उकळते पाणी ओतायचे आणि झाकून ठेवायचे. घाई करायची नाही. थेंबाथेंबाने खाली उतरतो तो दाट काळा अर्क. तापलेल्या दुधात तो घालायचा. पहिल्या पाण्याचा अर्क खरा. त्याच पुडीवर दुसऱ्यांदा पाणी ओतले की जो निघतो तो पातळ. "वो किस को देते हैं?" मी विचारले. बाईंनी इकडेतिकडे पाहून हळूच सांगितले, "जो मेहमान जल्दी जाना चाहिए, उस को."

चिकोरीवरून तर मास्तर आणि बाई यांचे भांडणच जुंपले. चिकोरी ही एका झाडाची मुळी. ती भाजून, दळून कॉफीत मिसळतात. तिने रंग गडद होतो, अर्काला दाटपणा येतो आणि कडवटपणाची एक निराळी छटा मिळते. मास्तरांच्या मते ती भेसळ. बाईंच्या मते तिच्यावाचून कॉफी म्हणजे नुसते काळे पाणी. मी मध्येच माझे ज्ञान पाजळले. अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असलीच पाहिजे आणि पाकिटावर प्रमाण छापले पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे. दोघांनीही माझ्याकडे कौतुकाने पाहिले. मी फुगले. ही सगळी चर्चा तासभर तरी चालली असावी, आणि त्या तासात आम्ही तिघे एकमेकांना चांगले ओळखू लागलो होतो. नाव मात्र कोणी कोणाचे विचारले नव्हते.

ते काम आत्याने केले. बेळगावला काकू उतरून गेल्या आणि आत्या या बाजूला सरकून बसली. "आपलं आडनाव काय म्हणालात?" बाईंना प्रश्न कळला नाही. त्यांनी नाव सांगितले. "नाव नव्हे हो, आडनाव. सरनेम." बाई म्हणाल्या, आमच्यात ते नसते. नावाआधी दोन अक्षरे असतात. एक गावाचे, एक वडिलांच्या नावाचे. आत्या क्षणभर गोंधळली. आडनावाच्या दारातून आत जाता येईना, तेव्हा तिने स्वयंपाकघराच्या दाराने प्रयत्न केला. "घरी जेवायला काय काय करता?" बाईंनी मोकळेपणाने सांगितले, नाचणीचे मुद्दे आणि सारू. आत्याच्या तपासाला त्यातूनही काही धागा मिळाला नाही.

तेवढ्यात बाईंनी थर्मास उघडला. डब्यात तो वास पसरला. त्यांनी पिशवीतून स्टीलचा पेला आणि त्याच्याखालची पसरट वाटी काढली, कॉफी ओतली, दोन वेळा वरून खाली, खालून वर करून फेस आणला आणि पहिला पेला माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केलाही होता. आत्याने माझ्याकडे पाहिले. ती एक शब्दही बोलली नाही, नुसते पाहिले. आपल्या घरांतून वाढलेल्या मुलींना अशा पाहण्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

मी म्हणाले, "नको. मी कॉफी घेत नाही."

तासभर कॉफीवर बोलल्यानंतर मी हे म्हणाले! बाईंच्या चेहऱ्यावर राग आला नाही. आला असता तर बरे झाले असते. "सरि, सरि," एवढेच त्या म्हणाल्या आणि पेला त्यांनी मास्तरांकडे वळवला. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कॉफी प्याले आणि खिडकीबाहेर पाहत बसले. बाहेर खानापूरपुढचे रान होते आणि अंधारात काही दिसत नव्हते. नंतर कोणी फारसे बोलले नाही. रात्री धारवाडला मास्तर उतरले. पहाटे तुमकूर आले तेव्हा मी वरच्या बाकावर जागी होते. बाई आपले सामान आवरत होत्या. खाली उतरून चार शब्द बोलावेत असे वाटले, पण मी पांघरूण ओढून डोळे मिटून घेतले.

आत्याशी मी नंतर भांडले. तिचे उत्तर तयार होते. "अनोळखी माणसाच्या हातचं खाऊ-पिऊ नये, असं रेल्वेवाले कर्ण्यावरून ओरडून सांगतात. गुंगीचं औषध घालून लुबाडतात लोक. तू वर्तमानपत्र वाचत नाहीस का?" तिचे म्हणणे खोटे नाही. असे गुन्हे घडतात आणि ती सूचना प्रवाशांच्या भल्यासाठीच असते. पण मग ती भडंगाला लागू नव्हती का? बेळगावच्या काकूही आम्हांला तेवढ्याच अनोळखी होत्या. फरक इतकाच की, त्यांचे आडनाव कळले होते आणि ते कळताच त्या आपल्या झाल्या होत्या. मी हे म्हणताच आत्या गप्प बसली. नंतर म्हणाली, "तसं काही नव्हतं माझ्या मनात." मला वाटते, ती खरेच बोलत होती. तिच्या मनात तसे काही नसेल, पण तिच्या डोळ्यांत होते. आणि माझ्या जिभेवर होते. आमच्या घरी जातपात पाळत नाहीत, असे आम्ही सर्वांना सांगतो.

पेल्यातून काय प्यायचे यापेक्षा कोणाच्या हातून प्यायचे याची आपल्याला केवढी चिंता, याचा इतिहास आपल्याच प्रांतात लिहिलेला आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातील मान्यवर मंडळी गेली होती. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसती हातात धरली. पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली आणि मोठे ग्रामण्य माजले. टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताचा प्रश्न चुकला नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले तेव्हा त्यांच्या सुधारक स्नेह्यांनीच त्यांना बोल लावले. एका चहाच्या पेल्याने एवढे सगळे झाले. आज आपण ही हकीकत हसत वाचतो.

दुसरी हकीकत हसत वाचता येत नाही. पुण्याहून मिरजेला येताना मसूर नावाचे एक लहान स्टेशन लागते. आपल्यापैकी अनेकजण त्या मार्गाने वर्षातून चार वेळा जातात. १९०१ साली लहानगा भीमराव आपल्या भावाभाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाला आणि या मसूरला उतरला. घ्यायला कोणी आले नव्हते. मुलांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने जवळ आले आणि त्यांनी मुलांना ते कोण, असे विचारले. उत्तर कळताच त्यांचा चेहरा पालटला आणि ते मागे सरले. पुढे दुप्पट भाडे कबूल करून गाडी मिळाली, पण ती मुलांनीच हाकायची आणि गाडीवान पायी चालणार, या अटीवर. जवळ अन्न होते, पण रात्रभर कोणी पाणी दिले नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हे लिहून ठेवले आहे. मी ते वाचले तेव्हा स्टेशनमास्तरांचा मला संताप आला होता. तुमकूरहून परतल्यावर पुन्हा वाचले, तेव्हा संताप तेवढाच आला, पण त्यांच्या जागी मी स्वतःला पाहू शकले. त्यांनीही प्रश्न आपुलकीनेच विचारला होता. 'तुम्ही कोण?' हा प्रश्न आपल्याकडे आपुलकीनेच विचारला जातो. उत्तरावर मात्र सगळे अवलंबून असते.

म्हणून माझे म्हणणे असे की, प्रवासात परक्या माणसाशी बोलण्याची सुरुवात 'तुम्ही कोण?' अशी न करता 'तुम्हांला काय आवडते?' अशी करावी. त्या दृष्टीने कॉफीइतका चांगला विषय नाही. हवामानावर बोलावे तर दोन वाक्यांत संपते. राजकारणावर बोलावे तर मारामारी होते. कॉफीबद्दल मात्र प्रत्येकाला ठाम मत असते, ते तो जिवाच्या आकांताने मांडतो, आणि हरला तरी त्याचे काही जात नाही. शिवाय त्या मतात माणसाचे घर, आई, गाव, गरिबी-श्रीमंती, सगळे आपोआप येते. ते त्याने आपल्या हाताने पुढे ठेवलेले असते, आपण खिशात हात घालून काढलेले नसते.

कॉफी मुळात आपल्याकडे आली तीच प्रवाशाच्या हातून. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाचे सूफी साधू हजयात्रेहून परतताना येमेनमधून सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर त्यांनी त्या लावल्या, अशी कथा सांगतात. त्या डोंगराला आजही बाबाबुडनगिरी म्हणतात. तेथली गुहा एकाच वेळी बाबांचा दर्गा आणि दत्तात्रेयांचे पीठ म्हणून हिंदू-मुसलमान दोघांच्याही भक्तीची जागा झाली. पुढे तिच्यावरून वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण त्याच परिसरातल्या मळ्यांतली कॉफी दोघांच्याही घरी उकळते. आज भारतातील सुमारे सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. रात्री बिरूर आणि कडूर ही स्टेशने झोपेत मागे टाकून आपण बंगळूरला जातो, तेव्हा त्या मळ्यांच्या पायथ्यापासूनच जात असतो.

कॉफीवर परकी माणसे एकत्र येऊन बोलू लागली की सत्ताधाऱ्यांच्या पोटात गोळा येतो, याला इतिहासाची साक्ष आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६७५ साली देशातील सर्व कॉफीगृहे बंद करण्याचा हुकूम काढला. तेथे एका टेबलाशी व्यापारी, वकील आणि कारागीर बसत, आणि राजाबद्दल नको ते बोलत. लोकांनी एवढा गिल्ला केला की थोड्याच दिवसांत हुकूम मागे घ्यावा लागला. आपल्याकडेही कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसेस बंद करण्यास सुरुवात केल्यावर कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून ती स्वतः चालवली. दिल्लीतील कॅनॉट प्लेसचे कॉफी हाऊस आणीबाणीत, १९७६ साली, पाडण्यात आले. तिथल्या गप्पा राज्यकर्त्यांना खुपत होत्या, असे तेव्हापासून बोलले जाते.

माझ्या मैत्रिणी म्हणतील, आता कशाला ही चिंता? शहरात पावलोपावली कॉफीची दुकाने झाली आहेत, कोणी कोणाला आडनाव विचारत नाही. हे खरे आहे. पण तेथे कोणी कोणाला काहीच विचारत नाही. दोनशे-अडीचशे रुपये मोजून प्रत्येकजण आपापल्या पडद्यापुढे बसतो. पेला कागदाचा, त्यामुळे विटाळाचा प्रश्न मिटला, पण बरोबरच माणसाचाही मिटला. आगगाडीतही आता हेच होऊ लागले आहे. कानांत बोळे घालून बसलेल्या माणसाला चिकोरीबद्दल मत कसे विचारणार? आडनाव न विचारणे म्हणजे समता, असे मला वाटत नाही. आडनाव न विचारता पेला पुढे करणे आणि न विचारता तो घेणे, याला मी समता म्हणेन. माझ्या आत्याने निदान प्रश्न तरी विचारला होता. काहीच न विचारणाऱ्यांपेक्षा ती मला अजूनही जवळची वाटते, आणि म्हणूनच तिच्याशी भांडावेसे वाटते.

काही प्राध्यापक म्हणतील, जातीचा प्रश्न हा असा कॉफीच्या पेल्याने सुटणारा नाही. त्याला जमीन, शिक्षण, नोकऱ्या आणि लग्ने यांचे हिशेब आहेत. हेही मला मान्य आहे. एक पेला प्याल्याने कोणाला जमीन मिळत नाही. पण एक पेला नाकारल्याने काय होते, ते मी त्या बाईंच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. मोठे प्रश्न मोठ्या माणसांनी सोडवावेत. माझ्या वाट्याला त्या दिवशी आलेला प्रश्न पावशेर दुधाएवढा होता आणि तो मला सोडवता आला नाही.

येत्या सुट्टीत आत्या पुन्हा बंगळूरला जायचे म्हणते आहे. मी बरोबर जाणार आहे. या वेळी मी घरून थर्मास भरून नेणार, जायफळ घातलेल्या कॉफीचा, आणि चार पेले. आत्याला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आणि समोरच्यांनी नाही घेतली तर?"

हा प्रश्न मला आजवर सुचलाच नव्हता. नाही घेतली तर मला काय वाटेल, ते आता मला ठाऊक आहे.